थर्मोस्टॅट वर ठेवायचा की खाली न्यायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझं समजण्यात काही चुकलं असेल तर इथंच कळेल. काकांकडून आलेली १९५९ ची ट्रायम्फ टीआर३ए, जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार. डिसेंबरात सकाळी पुण्याहून निघालात तर वाई येईपर्यंत तापमानाचा काटा वर यायलाच तयार नसतो. तीच गाडी मे महिन्यात पसरणी घाटात निम्म्या वाटेवर उकळते. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह, जुन्या मिस्त्रींनी कधीकाळी काढून टाकलेला. आता तुम्ही इंग्लंडहून नवा मागवलाय आणि तुमचा इंजिनिअर भाचा म्हणतोय, “मामा, नव्या गाड्यांत तो खालच्या होजला असतो, आपणही तिकडंच बसवू.” तर वर ठेवायचा की खाली न्यायचा?

वरच ठेवा. हेडच्या पुढच्या तोंडाशी, कारखान्यानं दिलेल्या जागी. पण तेवढ्यानं घाट चढणार नाही. तुमच्या एवढ्या मोठ्या मजकुरात ज्या एका गोष्टीचं नावही नाही, खरी गोम तिथं आहे. थर्मोस्टॅटच्या घरातून वॉटर पंपाकडं उतरणारा एक आखूड होज आहे, वीतभरही नाही. तो बायपास. आपण बोलायचंय ते मुख्यतः त्याच्याबद्दल.

गाडी मी पाहिलेली नाही, हे आधीच सांगतो. रेडिएटर मूळचा आहे की बदललेला, ब्लॉक शेवटचा कधी धुतला, इग्निशनचं टायमिंग कुठं आहे, यावर बरंच काही ठरेल. पण थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम, या दोन तक्रारी एकाच गाडीच्या असतील तर माझा पहिला संशय दरवेळी बायपासवरच जातो.

मी हे काम शिकलो अँबॅसेडरवर. तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि एमजीए १५०० चं इंजिन एकाच बी-सिरीज घराण्यातलं, त्यामुळं पुढं एमजी हातात आल्या तेव्हा फारसं परकं वाटलं नाही. त्या काळात आमच्या गॅरेजात एक अलिखित नियम होता. गाडी तापते अशी तक्रार घेऊन कुणी आलं की पहिलं काम म्हणजे “व्हॉल्व्ह काढून टाक.” थर्मोस्टॅटला आम्ही व्हॉल्व्ह म्हणायचो. काढलेले व्हॉल्व्ह एका डालड्याच्या डब्यात पडायचे, डबा भरला की भंगारवाल्याकडं जायचा. आपल्याकडं थंडी कुठं पडते, मग हा अडथळा हवाच कशाला, असा सरळ हिशेब. तुमच्या मिस्त्रींनीही तेच केलं. ते सगळेच चुकले असं मी म्हणणार नाही, त्याचं कारण पुढं येईल.

थर्मोस्टॅट इंजिनाचं किमान तापमान सांभाळतो. कमाल तापमानावर त्याचा काही अधिकार नाही. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ८२ ला येईपर्यंत रेडिएटरची वाट बंद, मग हळूहळू उघडत आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडी. एकदा तो पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं. त्यापुढं पाणी ९५ वर थांबतं की १०५ वर जातं, हे रेडिएटर, पंखा, पंप, हवेची वाट आणि इंजिन किती उष्णता तयार करतंय, यावर ठरतं. म्हणून ८२ चा काढून ७४ चा घातल्यानं घाटातलं उकळणं थांबत नाही. फार तर दोन वळणं पुढं जाऊन उकळते.

आता टीआरचं पाणी कसं फिरतं ते पाहू. पंप पाणी ब्लॉकमध्ये ढकलतो, ते लायनरांभोवती, म्हणजे सिलिंडरच्या नळकांड्यांभोवती, फिरून हेडमध्ये चढतं आणि पुढच्या बाजूनं थर्मोस्टॅटच्या घरात येतं. तिथून त्याला दोन वाटा आहेत. एक वरच्या होजनं रेडिएटरमध्ये, तिथून खाली उतरून परत पंपाकडं. दुसरी वाट बायपासची, जी रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडंच येते. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, सगळं पाणी बायपासनं आतल्या आत फिरतं, हेड सगळीकडं सारखं तापतं आणि कुठं एका जागी वाफ धरत नाही. इथपर्यंत बायपास आपला मित्र.

इंजिन तापल्यावर मात्र ही दुसरी वाट बंद व्हायला हवी. कोव्हेंट्रीच्या, म्हणजे ट्रायम्फच्या कारखान्यातल्या, लोकांनी त्याची सोय केली होती. मूळ थर्मोस्टॅट घुंगराळ्या नळीचा, म्हणजे बेलोजचा होता आणि त्याला बाहेरून एक पत्र्याची बाही होती. व्हॉल्व्ह उघडताना ही बाहीही सरकायची आणि बायपासचं भोक झाकायची. रेडिएटरची वाट उघडतेय तसतशी बायपासची वाट मिटतेय. एकाच हालचालीत दोन्ही कामं. जॅग्वारच्या एक्सके इंजिनातही हीच युक्ती आहे, आणि ई-टाइपवाल्यांना भोवतो तोही हाच घोटाळा.

घोटाळा असा, की आज बाजारात सर्रास मिळतो तो मेणाचा थर्मोस्टॅट, आतलं मेण तापून फुगलं की उघडणारा. तो जास्त भरवशाचा आहे, यात शंका नाही. बेलोज पंपाच्या आणि रेडिएटरच्या कॅपच्या दाबानं थोडा बिचकतो, मेण बिचकत नाही. पण त्याला बाही नसते. तुम्ही मागवलेला हातात घ्या आणि पाहा. वरच्या चकतीखाली उभी पत्र्याची कडी दिसत नसेल, तर तो बिनबाहीचा. तो बसवला की उन्हाळ्यात, घाटात, पूर्ण उघडल्यावरसुद्धा बायपास सताड उघडाच राहतो. पाण्याला सोपी वाट मिळाली की ते अवघड वाटेनं जात नाही. शेकडो बारीक नळ्यांच्या रेडिएटरपेक्षा हा आखूड, रुंद होज त्याला केव्हाही सोपा. तापलेल्या पाण्याचा बराच हिस्सा थंड न होताच पुन्हा इंजिनात शिरतो.

आता तुमच्या मिस्त्रींकडं वळू. थर्मोस्टॅट काढला की बायपास तर उघडा राहिलाच, पण रेडिएटरकडं जाणाऱ्या वाटेतला अडसरही गेला. म्हणजे बिनबाहीचा थर्मोस्टॅट असलेल्या गाडीपेक्षा थर्मोस्टॅटच नसलेली गाडी उन्हाळ्यात किंचित बरी चालते. मिस्त्रींनी काढला, गाडी थोडी सुधारली, त्यांना वाटलं रोग गेला. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पण बाहीचा थर्मोस्टॅट किंवा आवळलेला बायपास यांच्याशी तुलना त्यांनी कधी केली नसणार. आम्हीही केली नव्हती. थंडीत काटा वर न येण्याचं कारण तर उघडच आहे, रेडिएटरची वाट चोवीस तास उघडी.

थंडीत गार चालली तर बिघडलं काय, असं विचाराल. बिघडतं. साठ अंशांवर चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधली वाफ बाहेर पडत नाही आणि टॅपेट कव्हरच्या आत पिवळट साय धरते. झाकण उघडून बघा, तुमच्या गाडीत ती असणार. अशी साय दिसली की लोक हेड पॅकिंग गेलं म्हणून हेड उतरवतात. मी स्वतः एकदा असं विनाकारण उतरवलंय. टीआरचं हेड उतरवणं म्हणजे तर विषाची परीक्षा, कारण तिचे लायनर सुटे, ओले असतात. हेडचा दाब गेला आणि कुणी क्रँक फिरवला की लायनर हलतात, खालची आठाच्या आकड्याची पॅकिंगं हलतात आणि पाणी ऑइलमध्ये जायला नवी वाट मिळते. तेव्हा साय दिसली तर आधी तापमान बघा, मग पुढचं.

थर्मोस्टॅट नसला की पाणी इतकं जोरात पळतं की त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही, हे स्पष्टीकरणही तुम्ही ऐकलं असेल. जुनेजाणते लोक छातीठोकपणे सांगतात. ते पटण्यासारखं आहे, पण खरं नाही. पाणी रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबतं तसंच ते इंजिनातही कमी वेळ थांबतं, आणि जोरात वाहणारं पाणी नळीच्या भिंतीला उष्णता जास्त चांगली देतं, कमी नाही. थर्मोस्टॅट काढल्यावर काही गाड्या खरोखर जास्त तापतात, हे निरीक्षण बरोबर आहे. त्याचं एक कारण बायपास. दुसरं असं, की हेडच्या तोंडाशी थोडी अडचण असली की पंपाचा दाब ब्लॉकच्या आत टिकून राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. शर्यतीच्या गाड्यांत थर्मोस्टॅट काढतात, पण त्याच्या जागी भोकाची चकती किंवा बायपास झाकणारी कोरी बाही घालतात, ती याचसाठी. नुसती मोकळी जागा ते सोडत नाहीत.

भाच्याची सूचना मी हसण्यावारी नेत नाही, कारण मी तोच प्रयोग केलाय आणि त्यात हात भाजून घेतलाय. बरीच वर्षं झाली. एका गिऱ्हाइकाची एमजी होती. मला वाटलं, जर्मन लोक थर्मोस्टॅट पंपाच्या तोंडाशी ठेवतात, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या पाण्यावर पहारा. हे शहाणपणाचं दिसतंय, आपणही करू. नव्या गाडीचं एक घर आणून खालच्या होजमध्ये बसवलं आणि कात्रजच्या चढाला लागलो. अर्ध्यात काटा वर. उतरून पाहतो तर वरचा होज हात लावू देत नव्हता आणि खालचा होज थर्मोस्टॅटपाशी चक्क कोमट. व्हॉल्व्ह उघडलाच नव्हता. उघडणार कसा? त्याच्यापर्यंत गरम पाणी पोहोचतच नव्हतं. त्याच्या एका बाजूला रेडिएटरमधलं गार, थांबलेलं पाणी, आणि तो बंद असल्यामुळं ते पाणी हलणारही नाही. कुंपणाच्या आत किल्ली ठेवून बाहेरून कुलूप लावावं, तसं झालं होतं.

खालच्या जागेचं तंत्र वेगळं आहे. तिथं बायपासचं गरम पाणी मुद्दाम थर्मोस्टॅटच्या मेणावर आणून सोडतात. एकीकडून इंजिनाचं गरम, दुसरीकडून रेडिएटरचं गार, आणि व्हॉल्व्ह त्या मिश्रणाचं तापमान वाचून दोन्हींचं प्रमाण बदलतो. त्याला दोन चकत्या असतात, एक रेडिएटरची वाट उघडते तेव्हा दुसरी बायपास मिटवते. बीएमडब्ल्यू २००२ मध्ये हा तीन तोंडांचा डबा होजांच्या मध्येच लटकलेला दिसतो. पोर्शे ९४४ मध्ये तो वॉटर पंपाच्या तोंडाशी असतो. याचा फायदा खराच आहे. वरच्या थर्मोस्टॅटमध्ये कडक थंडीत असं होतं, की तो उघडला की रेडिएटरमधलं बर्फासारखं पाणी एकदम इंजिनात घुसतं, मग तो पुन्हा मिटतो, पुन्हा उघडतो आणि काटा झोके घेत राहतो. खालची मिश्रणाची पद्धत हे झोके मारते. जर्मनीच्या जानेवारीत त्याला मोल आहे. पुण्यात दहा अंशांच्या सकाळी कितीसं?

वरच्या जागेचे फायदे मात्र तुमच्या गाडीत जसेच्या तसे लागू आहेत. मेण थेट हेडमधून निघणारं, म्हणजे सर्वांत गरम पाणी वाचतं. जागा उंचावर असल्यामुळं हवा बाहेर काढणं सोपं. आणि टीआरचा पंप, होज, रेडिएटर सगळं त्या हिशेबानं आखलेलं. खाली न्यायचं तर बायपासचा अख्खा मार्ग नव्यानं बांधावा लागेल, पंपाच्या ओढीच्या बाजूला अडसर येईल आणि वर मूळ गाडीचं रूप जाईल ते वेगळंच. भाच्याला करूच द्यायचं असेल तर कागदावर करू द्या.

कुणी वरच्या होजच्या मध्येच थर्मोस्टॅटचं घर टाकतात, तेही विचाराल म्हणून सांगतो. चालतं, पण हेडपासून जितकं लांब तितकी त्याला गरम पाण्याची बातमी उशिरा. चकतीत ३ मिलिमीटरचं भोक पाडून थोडं पाणी सतत झिरपत ठेवावं लागतं. नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत काटा एकदम चढतो, मग धाडकन पडतो आणि मालकाच्या छातीत धस्स होतं. तुमच्या टीआरला त्याची गरज नाही. मूळ घर शाबूत आहे ना, मग झालं.

मग करायचं काय? बाहीचा थर्मोस्टॅट मिळाला तर उत्तमच. कधीकधी जुना साठा निघतो, पण तो बेलोजचा असेल आणि साठ वर्षं डब्यात पडून असेल, तर उकळत्या पाण्यात तपासल्याशिवाय बसवू नका. नाही मिळाला तर तुम्ही मागवलेला मेणाचा बसवा आणि बायपास आवळा. बायपासच्या होजमध्ये घट्ट बसेल असं पितळेचं बूच खरादवाल्याकडून करून घ्या आणि मधोमध ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडा. होज उतरवून आत सरकवा, वर क्लिप आवळा. बाहेरून काही दिसत नाही, परत काढायचं तर दहा मिनिटांचं काम.

भोक का, पूर्ण बंद का नाही? थर्मोस्टॅट बंद असताना पाण्याला फिरायला काहीतरी वाट हवीच. पूर्ण बुजवलंत तर सकाळी गाडी सुरू केल्यावर ब्लॉकमध्ये पाणी उभं राहतं, मागच्या चौथ्या सिलिंडरपाशी उकळायला लागतं आणि पुढं बसलेल्या थर्मोस्टॅटला त्याचा पत्ताही नसतो. हीटरचा मार्ग उघडा असेल तर तो थोडी भर काढतो, पण पुण्यात हीटरचा नळ कोण उघडा ठेवतो?

किती अंशांचा घ्यायचा, यावर लोक तावातावानं भांडतात. ७४, ८२ आणि ८८ असे मिळतात. मी आपल्याकडं ८२ घालतो. ७४ नं उकळणं टळत नाही हे वर सांगितलंच, आणि ८८ मध्ये घाटापूर्वीची उसंत कमी होते. ७४ घालून आनंदात असलेले लोकही मला माहीत आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

बसवण्याआधी पातेल्यात उकळून बघा. दोऱ्याला बांधून पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर धरा. ८२ च्या आसपास फट दिसायला हवी आणि पाणी उकळायच्या आत तो पूर्ण उघडायला हवा. त्याच पातेल्यात गाडीच्या गेजचा बल्बही बुडवता आला तर सोन्याहून पिवळं. टीआरचा गेज वायूच्या बारीक नळीचा असतो, ती नळी वाकवताना जपा, एकदा चिरली की संपलं. उकळत्या पाण्यात काटा २१२ फॅरनहाइटवर येईल अशी वाट पाहू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर, इथं पाणी ९८ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे २०८ च्या आसपास. काटा २२० दाखवत असेल तर तुम्ही इतकी वर्षं बारा अंशांची उगीच काळजी वाहिलीत.

बसवताना मेणाची कुपी इंजिनाच्या बाजूला. हसू नका, उलटे बसवलेले मी पाहिलेत.

हा उंचीचा मुद्दा कॅपलाही लागू आहे. टीआरची मूळ कॅप अवघी ४ पौंडांची, म्हणजे दर चौरस इंचाला ४ पौंड दाब धरणारी. तेवढ्या दाबानं उकळबिंदू सहा-सात अंशांनी वाढतो, म्हणजे पुण्यात साधारण १०५. पाचगणीला पोहोचेपर्यंत तो आणखी दोन-तीन अंशांनी उतरलेला असतो, आणि नेमकं तेव्हाच इंजिन सर्वांत जास्त राबत असतं. ७ पौंडांची कॅप सुस्थितीतल्या रेडिएटरला सोसते, मी लावतो. १३-१५ ची लावू नका, साठ वर्षांचे डाख उलतील. आणि कॅपची खोली बघून घ्या. जुन्या रेडिएटरची मान १ इंच खोल असते, आजच्या कॅपची दांडी पाऊण इंचाची. ती वरून घट्ट बसल्यासारखी वाटते, पण खालची रबरी चकती टेकतच नाही आणि दाब शून्य. नाना पेठेतून घेतलेल्या कॅपचा हा घोळ मी इतक्यांदा सोडवलाय की आता गिऱ्हाईक आलं की आधी झाकणच हातात घेतो.

आणखी एक विचारायचं राहिलं. घाटात “उकळते” म्हणता तेव्हा वाफेचा लोट येतो, की नुसतं पाणी ओसंडतं? टीआरला पाणी परत घेणारी बाटली नसते. मानेपर्यंत गच्च भरलंत तर गरम झाल्यावर पाणी फुगून जास्तीचं नळीतून बाहेर टाकणारच. तिला तिची पातळी ठरवू द्या, मानेपासून इंचभर खाली राहिली तरी ठीक. पुष्कळ जण प्रत्येक चहाच्या टपरीवर भरतात आणि प्रत्येक घाटात सांडतात.

बायपास आवळूनही घाटात तापली तर पुढचा संशय ब्लॉकमधल्या गाळावर. ओल्या लायनरांच्या तळाशी गंज, क्षार, जुन्या ओतकामाची वाळू असं सगळं बसतं, मागच्या सिलिंडरांपाशी जास्त. आपल्याकडं वर्षानुवर्षं बोअरचं पाणी घातलं जातं, मग विचारायलाच नको. रेडिएटरही त्याच पाण्यावर वाढलेला. रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून, भागत असेल तर करा. नळ्या पातळ झाल्या असतील तर नवा कोअर, म्हणजे नळ्यांचा गाभा, घाला. मूळ रेडिएटरच्या मधून हँडल मारायच्या दांड्यासाठी भोक असतं, कोअर बदलताना ते बुजवलं तर थोडी जागा वाढते. दांडा तुम्ही शेवटचा कधी फिरवला होतात? तेवढं ठरवा.

हवेच्या बाजूला पुठ्ठा बघा. टीआर३ए च्या जाळीपासून रेडिएटरपर्यंत हवा नेणारे पुठ्ठ्याचे पडदे होते. पुठ्ठाच तो, कुणीतरी पहिल्या पावसातच फेकून दिला असणार. तो नसला की जाळीतून आलेली हवा रेडिएटरच्या बाजूनं निसटून जाते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा किंवा जाड रेक्झिन चढवलेल्या पुठ्ठ्याचा करून घ्या. खर्च नगण्य, आणि पन्नास-साठच्या वेगात फरक कळतो.

विजेचा पंखा लावू का, हे तुमचं पुढचं पत्र असेल. लावण्याआधी डायनामोचा विचार करा. तो पूर्ण वेगात २० अँपिअरच्या आसपास देतो आणि इंजिन रेंगाळत असताना जवळपास काहीच नाही. म्हणजे सिग्नलला, जिथं पंखा हवा, तिथं तो बॅटरीवर चालणार. हेडलाइट आणि हॉर्न त्यात धरा. शिवाय तुमची गाडी मूळ स्थितीत असेल तर तिची अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. पंखा नेहमीसारखा जोडला की उलटा फिरतो आणि येणाऱ्या हवेशीच कुस्ती खेळतो. मूळचा क्रँकवरचा लोखंडी पंखा आवाज करतो, पण पुठ्ठे जागेवर असतील तर पुरतो.

टायमिंगचं एका वाक्यात सांगतो. ते मागं पडलं असेल तर जळणाची उष्णता कामाऐवजी एक्झॉस्टमध्ये आणि हेडमध्ये जाते, म्हणून रेडिएटरवर पैसे घालण्याआधी ते आणि कार्ब्युरेटरचं मिश्रण बघून घ्या.

मोजमापाला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, पण चकाकत्या पितळेवर तो खोटं बोलतो. वरच्या आणि खालच्या टाकीवर काळ्या इन्शुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मारा. गरम इंजिनाला दोन टाक्यांत सहा ते दहा अंशांचा फरक असावा. फरक वीसच्या वर असेल तर रेडिएटरमधून पाणी फार हळू वाहतंय, म्हणजे बायपास, पंप किंवा तुंबलेल्या नळ्या. फरक तीन-चारच असेल आणि दोन्ही टाक्या सणसणीत तापल्या असतील, तर पाणी वाहतंय पण हवा पुरत नाही. बूच घालण्याआधीचे आणि नंतरचे आकडे लिहून ठेवा. बायपासबद्दलचा माझा अंदाज बरोबर होता की नाही, हे त्यातच दिसेल.

सुरुवात मात्र ब्लॉकच्या नळापासून करा, थर्मोस्टॅट हातात घेण्याआधी. इंजिन गार असताना, ब्लॉकच्या बाजूला मागं असलेला पितळी नळ उघडा. पाणी आलंच नाही तर ब्लॉक रिकामा आहे असं समजू नका. नळ पूर्ण काढा, भोकात सायकलची ताडी घाला आणि खालीवर फिरवत राहा. आधी काही येणार नाही, मग काळा चिखल, मग तांबडं पाणी एकदम. खाली मोठं घमेलं ठेवा आणि बायकोच्या कुंड्यांपासून गाडी लांब उभी करा.